पाण्यात पाहणं

सकाळी उलथनं घासताना तिच्या अंगठ्याला ते लागलं. बावीस वर्षं ती हेच उलथनं घासत आली होती, अंगठा रोज त्याच कडेवरून फिरत होता, पण आज तो अडखळला. उलथनं सासूचं. उजवा कोपरा शाबूत, डावा तिरपा, कारण सासूबाईंनी जन्मभर एकाच बाजूनं तवा खरवडला आणि जन्मभर सगळं एकाच बाजूनं पाहिलं. चांगलं दोन बोटं पोलाद कमी झालं होतं. कड खरखरीत होती, मांजराच्या जिभेसारखी. तिनं ते नळाखाली धरलं आणि एकदम मनात आलं, हे गेलं कुठे? वस्तू झिजते म्हणजे काही हवेत विरून जात नाही. तव्यात गेलं, तव्यातून ताटात, ताटातून या घरातल्या माणसांच्या पोटात. सासरे, नवरा, वन्सं आणि लग्नानंतर ती स्वतः, सगळ्यांनी मिळून बिनबोभाट दोन बोटं पोलाद खाल्लं आणि कुणाच्या दाताखाली एकदाही कचकन काही आलं नाही. तिला हसू आलं. आणि हसता हसताच अंगठ्याला दुसरा एक खरखरीतपणा आठवला, अगदी असाच, पण गार आणि नाण्याएवढा गोल. 

"पाणी वाहून चाललंय," मागून नवरा म्हणाला.

"चालू दे."

"आज तुमची ती सही ना? छोटीचा फोन होता. म्हणाली, वहिनीला वेळेवर पाठव."

पाठव म्हणे. जसं काही पार्सलच. तिनं नळ बंद केला, उलथनं पुसून खुंटीला लावलं आणि नवऱ्याकडे न बघता चपला घातल्या. छोटी! सत्तेचाळीस वर्षांची घोडी, हाताखाली साठ माणसं, आणि या घरात अजून छोटी. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं बजावलं होतं, तुझ्याहून पाच वर्षांनी लहान असली तरी नणंद आहे, वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं. तिनं केलं. आणि वन्सं तिला 'अगं वहिनी' म्हणत राहिल्या. बावीस वर्षं झाली, लहान बाई मोठीला 'तू' म्हणते आणि मोठी लहानीला 'तुम्ही', आणि यात कुणालाच काही वावगं दिसत नाही. त्याच आठवड्यात कधीतरी वन्संनी तिनं धुतलेला काचेचा पेला उचलला, खिडकीच्या उजेडात धरून फिरवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "वहिनी, हा धुतलायस ना?" बस, एवढंच. भांडण नाही, टोमणा म्हणावा तर तोही नाही. पण तो पेला तिच्या डोळ्यांसमोरून कधी हलला नाही. पुढे तिनं जे जे धुतलं ते आधी स्वतः उजेडात धरून पाहिलं, आणि दर वेळी वन्संना मनातल्या मनात एक शिवी हासडली.

बसमध्ये उभ्या उभ्या ती अंगठा तर्जनीवर घासत राहिली. शेजारचा माणूस तिच्याकडे टकमक बघत होता, बघू दे. ती ज्या प्रयोगशाळेत काम करत होती तिथे झाडांसाठी औषध बनत होतं. जस्ताचे कण, एका केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं मावतील इतके बारीक. असले कण पाण्यात मिसळून पानांवर फवारायचे, मुळाशी घालायचे; करपा रोखला जातो आणि रोपाला हवं तेवढं जस्तही मिळतं. म्हणजे असं वन्सं म्हणत. वन्सं या औषधाच्या प्रमुख, आणि ते कण सूक्ष्मदर्शकाखाली बघून कुठला केवढा हे सांगणारी ती. नोकरी तिनं स्वतःच्या पदव्यांवर मिळवली होती, वन्सं तिथे येण्याच्या सहा वर्षं आधी. पण बढती घेऊन आल्या त्या दिवशी वन्संनी सगळ्यांदेखत "अरे, ही तर आमची वहिनी!" म्हटलं आणि तेव्हापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायला लागले. वहिनी, जरा हा नमुना बघता का. वहिनी, आज लवकर? परदेशातून आलेल्या एका पाहुण्यानं तर ते तिचं नाव समजून कागदावर लिहून घेतलं. ती तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तिनं थंड पाण्यानं बराच वेळ तोंड धुतलं होतं.

बदला तिनं नियमांतून घेतला. वन्संना घाई असे, आणि घाईच्या माणसाला नियमाइतका दुसरा त्रास नाही. काकडीच्या रोपांवर औषध तपासायचं ठरलं तेव्हा दोन रांगा करायच्या होत्या. एका रांगेला कणांचं पाणी, दुसरीला कोरं. कोऱ्या पाण्याच्या रोपांना सगळे नुसतं 'कोरी' म्हणत. वन्सं म्हणाल्या, कोरीला काय, शुद्ध पाण्याचा कॅन उपडा केला की झालं. तेव्हा तिनं भर बैठकीत हात वर केला. कणांचं पाणी आपण कांडीनं घुसळतो, म्हणजे कोरंही घुसळलं पाहिजे. तेच भांडं, तीच कांडी, तितकीच मिनिटं, फक्त पूड घालायची नाही. नाहीतर ती तुलना कसली? सगळ्यांनी माना डोलावल्या. वन्संच्या कपाळाला आठी पडली आणि तिचा तो अख्खा दिवस गोड गेला. कांडी म्हणजे धातूचा एक दांडा. पाण्यात बुडवून सुरू केला की त्याचं टोक इतक्या वेगानं थरथरतं की पुडीच्या गुठळ्या फुटून कण सुटे होतात. कानांत बोळे घातले तरी त्याची किंचाळी दातांत उतरते. रोज काम झाल्यावर ती त्या टोकावरून ओल्या फडक्यानं अंगठा फिरवायची. सुरुवातीला टोक आरशासारखं होतं. मग कधीतरी फडकं अडकायला लागलं. अडकलं की ती जरा जोर लावून पुसायची, आणि पुसलं की स्वच्छ झालं असं समजायची.

आता बसमध्ये, लोकांच्या घामाच्या वासात, ते टोक अंगठ्याला लख्ख कळलं. थरथरून थरथरून त्याला खड्डे पडले होते. खड्ड्यांतला धातू पाण्यात गेला होता, कणांच्या तसाच कोऱ्याही. आणि त्या खड्ड्यांत आदल्या दिवशीची जस्ताची पूड अडकून दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाण्यात सुटत होती. पूड आधी आणि कोरं मागून, हा क्रमही तिनंच लावून दिला होता. कोरं पाणी कोरं नव्हतंच कधी.

आणि तिला ते दिसलं होतं. हे आठवलं तेव्हा तिनं वरची दांडी घट्ट धरली. आठ महिन्यांपूर्वी तिनं कोऱ्या पाण्याचा थेंब तांब्याच्या जाळीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली घातला होता. पडद्यावर स्वच्छ करड्या मैदानात काळे ठिपके होते. दहा-बारा तरी. काही गोल, काही कपच्यांसारखे. ती वाकून बघत होती आणि मागून सेंटचा वास आला. वन्सं दारात. "झालं का गं वहिनी?" त्या पुढे यायच्या आत तिनं जाळी सरकवून तिचा दुसरा, रिकामा तुकडा पडद्यावर आणला. का? विचार करायला वेळच नव्हता. जाळ्या धुणं तिचं काम. वन्सं वाकतील, बघतील आणि अगदी गोड आवाजात म्हणतील, ही धुतलीयस ना? तिनं रिकाम्या तुकड्याचं छायाचित्र घेतलं. आणि वन्सं गेल्यावर, कारण ती प्रामाणिक होती, कारण वहीत सगळं लिहायचं असतं, तिनं लिहिलं, 'काही ठिकाणी ठिपके. जाळीवरची धूळ.'

त्यानंतरचं तर काल घडल्यासारखं होतं. काचघरातला माळी तिला शोधत वर आला. रापलेला, कमी बोलणारा, गुडघ्यांवर कायमचे मातीचे डाग. म्हणाला, "वहिनी, खाली येऊन बघा जरा. तुमची कोरीसुद्धा रडतायत."

"रडतायत म्हणजे?"

"मुळं बघा ना. बोटभरसुद्धा गेली नाहीत. दोन्ही रांगांची."

"दोन्हींची सारखी आहेत ना? मग झालं."

"सारखी आहेत, पण चांगली कुठायत? हे बघा." दाराजवळ एका फुटक्या टबात त्यानं उरलेलं बी टाकलं होतं, नळाच्या पाण्यावर. एक रोप उपटून त्यानं तिच्यासमोर धरलं. मुळं पांढरीशुभ्र, दाढीसारखी लोंबत होती, हातभर. "हेच बी. हीच माती."

तिनं त्या मुळांकडे पाहिलं होतं का? पाहिलं असणार. पण तिला दिसलं ते काचघरात नियमाबाहेर असलेला एक टब. वन्संच्या नजरेला पडला तर? "हे वहीत आहे का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, नाही. "मग हे इथे नाही. आत्ताच्या आत्ता फेकून द्या."  हातातलं रोप त्यानं टबात परत ठेवलं, जपून, झोपलेल्या मुलाला ठेवतात तसं, आणि मग अख्खा टब उचलून बाहेर गेला. तिनं वर येऊन लिहिलं, 'मुळांची वाढ दोन्ही रांगांत कमी. बी जुनं असण्याची शक्यता.' आणि त्यावरून अहवालात वन्संनी लिहिलं, औषधाची रोपं आणि कोरी यांच्या मुळांत काहीही फरक नाही. सबब औषध निर्धोक. खुरट्याची खुरट्याशी तुलना केली की फरक कुठून दिसणार? आज अकरा वाजता तिनं त्या अहवालावर सही केली की तो परवाना खात्याकडे जाणार आणि महिन्याभरात ते पाणी शेकडो रोपवाटिकांत मुळांवर पडणार होतं.

प्रयोगशाळेत ती पोचली तेव्हा कुणी आलं नव्हतं. पिशवीही न ठेवता तिनं कांडी खुंटीवरून काढली आणि अंगठा फिरवला. गुळगुळीत. तिनं पुन्हा फिरवला. टोक कोरं करकरीत होतं. क्षणभर हायसं वाटलं, इतकं की ती स्टुलावर बसली. पण मग लक्षात आलं. टोक स्वतःहून बरं होत नाही. ते कुणीतरी बदललं होतं, आणि रोज फडकं फिरवणाऱ्या तिला ते कळलं नव्हतं. कळलं नव्हतं, की अंगठ्याला कळलं आणि तिनं ऐकलं नाही? मोडक्या सामानाच्या डब्यात तिनं हात घातला. तुटक्या नळ्या, वाकलेले चिमटे, आणि तळाशी ते होतं. भिंगाखाली धरलं तर देवीच्या व्रणांचा चेहरा असावा तसं दिसलं, आणि प्रत्येक खड्ड्यात कणभर पांढरं साचलेलं. नवं टोक वन्संच्या सहीशिवाय मिळत नाही. म्हणजे वन्संनी बदललं. वन्संना माहीत होतं! तिला जे वाटलं त्याची तिला मागून लाज वाटली, पण तेव्हा मात्र ती निव्वळ आनंदानं थरथरली. बावीस वर्षं ती या बाईला पाण्यात पाहत आली होती, आणि आज ती बाई पुरती सापडली होती.

वन्संच्या खोलीला काचेची भिंत. टेबलावर अहवाल, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली. "ये गं वहिनी. बस. चहा सांगू?"

तिनं ते टोक अहवालावर ठेवलं. "हे ओळखलंत?"

वन्संनी चष्मा लावला, काढला. "कांडीचं जुनं टोक. चार महिन्यांपूर्वी मीच बदलून घेतलं, तू रजेवर होतीस तेव्हा. आवाज चिरका यायला लागला होता."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"टोक झिजलंय एवढंच मला कळलं होतं. त्यातून पाण्यात काय उतरलं ते बघणं तुझं काम. तू बघितलंस." वन्संनी टेबलावरची वही तिच्याकडे फिरवली. ती आधीपासून त्याच पानावर उघडून ठेवलेली होती. "जाळीवरची धूळ. हे अक्षर तुझंच ना?"

"तुम्ही वाचलं होतंत."

"तेव्हाच वाचलं होतं. वाटलं, विचारावं. पण तुझ्या कामात बोट घातलं की तू आठ आठ दिवस घरात तोंड उघडत नाहीस. दादाला मध्ये पडावं लागतं. म्हटलं, माझ्या एवढ्या चुका काढते, ही स्वतःची पण काढेल."

यात खोटं काहीच नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. तिनं हा प्रसंग मनात शंभर वेळा रचला होता. वन्संचा उतरलेला चेहरा, आपला शांत आवाज. पण त्या रचनेत समोरच्या वहीत स्वतःचं अक्षर कधी नव्हतं. "वन्सं," ती म्हणाली, आणि इथे मॅडम म्हणायचं असतं हे तिच्या ध्यानातही आलं नाही, "दोन्ही रांगा खुरटल्या होत्या. सारख्या आहेत म्हणजे निर्धोक नव्हे. औषध मुळांचं काय करतं ते आपल्याला माहीतच नाही."

"किंवा बी जुनं होतं. तेही तूच लिहिलंयस."

"त्याच बियांची नळाच्या पाण्यावरची रोपं हातभर मुळांची होती."

"कुठायत ती?"

तिनं वहीची दुमडलेली कड सरळ केली.

"हे बघ," वन्सं म्हणाल्या, आणि आवाजातला गोडवा पहिल्यांदाच गेला, "पुन्हा सगळं लावायचं म्हणजे तीन महिने. तीन महिन्यांत मला या खुर्चीत कोण ठेवतंय? आणि तुला सूक्ष्मदर्शकाजवळ कोण फिरकू देतंय? सगळे म्हणतील, हिला धूळ आणि धातू ओळखता येत नाही. चुपचाप सही कर. संध्याकाळी दादाकडे जेवायला येते मी."

तिनं फुलीकडे पाहिलं. किती साधं होतं! सही केली की वन्सं तिच्या मुठीत राहणार होत्या आणि ती वन्संच्या, आणि दोघी मरेपर्यंत एकमेकींना जेवायला वाढत राहणार होत्या. मध्ये कुठेतरी, तिनं कधी न पाहिलेल्या वाफ्यांत, मुळं बोटभर जाऊन थांबली असती आणि कुणीतरी म्हटलं असतं, बी जुनं असेल. बावीस वर्षं तिनं या बाईला पाण्यात पाहिलं, आणि पाण्यात जे होतं ते मात्र पाहिलं नाही. आपला द्वेष तिला नेहमी स्वच्छ वाटत आला होता, धुतलेल्या पेल्यासारखा. आता तो हातात धरवेना.

तिनं अहवाल बाजूला सारला आणि वही पुढे ओढली. वहीत खोडरबर चालत नाही. चुकीच्या शब्दांवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला दुरुस्ती, सही, आणि ज्यानं गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली त्या साक्षीदाराचे चार शब्द आणि सही. 'जाळीवरची धूळ' यावर तिनं पट्टी धरून रेघ ओढली. बाजूला लिहिलं, 'धूळ नव्हे. कांडीच्या टोकाची झीज आणि जस्त असण्याची शक्यता. कोरं पाणी कोरं नव्हतं. मला दिसलं होतं, मी दडवलं. निष्कर्ष धरू नये.' सही केली.  वही तिनं वन्संपुढे सरकवली.

"मी नाही करणार," वन्सं म्हणाल्या. खुर्ची खिडकीकडे वळवून त्या तशाच बसल्या. "साक्षीदाराशिवाय ती दुरुस्ती कुणी धरत नाही, ठाऊक आहे ना? हा नियमही तूच आणलास."

ठाऊक होतं. तिनं वही बगलेत मारली आणि जिना उतरली. काचघरात दमट ऊब होती. माळी झारीनं पाणी घालत होता. तिला बघून त्यानं झारी खाली ठेवली नाही. तिनं सगळं सांगितलं, आडवळण न घेता, कांडी, ठिपके, टब. तो एक वाफा संपवून दुसऱ्याकडे वळला.

"म्हणजे कोरी खरंच रडत होती," तो म्हणाला.

"हो."

"आता माझ्याकडे काय मागता? दाखवायला काय आहे? तुम्हीच फेकायला लावलीत."

"तुम्ही पाहिलं होतंत. पाहिलेला माणूस लागतो. सही द्याल?"

"सही देईन. पण मी बघितलं तेच लिहिणार."

"तेच लिहा."

त्यानं झारी ठेवली, हात पँटला पुसले आणि मातीच्या गोण्यांवर वही टेकवून लिहायला बसला. अक्षर मोठं, शाळकरी, एकेक शब्द दाबून. तिला ते उलट्या बाजूनं वाचावं लागत होतं. 'कोरी रोपं पहिल्यापासून खुरटी होती. नळाच्या पाण्याची बरी होती. मी सांगितलं होतं.' तो थांबला, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढे लिहिलं, 'वहिनींनी फेकायला लावली.'

वहिनी नको, माझा हुद्दा लिहा, असं ती म्हणणार होती. शब्द तोंडाशी आलेही होते. पण शाई लागली होती, आणि या वहीतलं काही पुसता येत नाही. माळ्यानं सही करून वही तिला दिली आणि झारी उचलली. तारीख घालायला तो विसरला होता. ती तिनं घातली, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून तिथेच उभी राहिली.